संगणकाच्या सॉकेटमधील वांकलेली पिन

घरच्या घरीं संगणक जोडण्याची हौस आतां मुंबई-पुण्याच्या तंत्रज्ञांपुरती राहिलेली नाहीं. खाडी आणि डोंगर यांच्या मधोमध वसलेल्या पनवेलसारख्या जुन्या गांवांतही कॉलेजांत जाणारीं मुलें मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, वीजपुरवठ्याची पेटी असे सुटे भाग जमवून आपलें यंत्र आपणच उभें करितात. हे भाग पुष्कळदां मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतात. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हें त्या रस्त्याचें अधिकृत नांव असलें तरी गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही त्यास जुन्याच नांवानें ओळखतात. पनवेलहून हार्बर मार्गाच्या गाडीनें निघावयाचें, वाटेंत गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावयाचें, चार दुकानांत भाव काढावयाचे, आणि संध्याकाळच्या गर्दींत तीं खोकीं छातीशीं धरून परत यावयाचें, असा तो दिवस असतो. वडिलांच्या पगारांतून किंवा मुलानें शिकवण्या करून जमविलेल्या पैशांतून कित्येक हजार रुपये या एका फेरींत खर्ची पडतात.

एवढ्या खर्चानें आणलेलें साहित्य टेबलावर मांडलें असतां पहिल्या पंधरा मिनिटांतच घडूं शकणारा एक अपघात आहे. तो दिसावयास इतका क्षुल्लक असतो कीं, घडल्याचें पुष्कळदां कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. मदरबोर्डावर प्रोसेसर बसविण्याचें जें चौकोनी सॉकेट असतें, त्यांतील एक किंवा दोन पिना वांकतात. वस्तु केसासारखी बारीक. पण ती वांकली म्हणजे सारें यंत्र मुकें होतें. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडद्यावर मात्र कांहींच उमटत नाहीं. मग दोष रॅमला दिला जातो, वीजपुरवठ्याला दिला जातो, दुकानदाराला दिला जातो, आणि खऱ्या जागेकडे कोणी भिंग लावून पाहत नाहीं.

या पिना मुळांत सॉकेटांत नव्हत्याच. २००४ सालापूर्वीं इंटेल कंपनीच्या घरगुती प्रोसेसरांच्या पोटालाच पिनांचें दाट रान असे, व सॉकेटांत नुसतीं भोंकें असत. त्या सालीं एलजीए ७७५ हें सॉकेट आलें आणि क्रम उलटला. प्रोसेसरच्या पोटावर सपाट सोनेरी टिकल्या राहिल्या, आणि पिना सॉकेटांत आल्या. नांवांतील ७७५ हा आंकडा संपर्कबिंदूंचा होय. तो पुढें वाढतच गेला: २०१५ मध्यें ११५१, २०२१ मध्यें १७००, आणि २०२४ मध्यें १८५१. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीनें जुनी पद्धत बराच काळ चालविली. तिच्या एएम४ जातीच्या प्रोसेसरांच्या पोटाला १३३१ पिना असत. २०२२ सालीं एएम५ बरोबर तीही नव्या वाटेवर आली, व १७१८ पिना सॉकेटाच्या वांट्याला गेल्या.

हा बदल करण्यास शास्त्रीय कारणें होतीं. सपाट टिकलीवर टेकणारी आंखूड पिन तेवढ्याच जागेंत अधिक संख्येनें बसवितां येते, आणि विजेची वाटही जवळची होते. परंतु त्याचा एक व्यापारी परिणामही झाला, आणि गिऱ्हाइकानें तो समजून घेणें इष्ट आहे. पूर्वीं पिन वांकली म्हणजे प्रोसेसर बिघडे. आतां मदरबोर्ड बिघडतो. प्रोसेसर एका कंपनीचा आणि मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीचा असतो. म्हणजे नाजूक भाग सांभाळण्याची जबाबदारी प्रोसेसर करणाराच्या अंगावरून निघून मदरबोर्ड करणाराच्या, आणि त्यानें ती झटकली कीं विकत घेणाराच्या अंगावर येऊन पडली. मदरबोर्डाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेंत बारीक अक्षरांत, चुकीच्या रीतीनें प्रोसेसर बसवितांना पिनांस झालेली इजा वॉरंटींत धरली जाणार नाहीं, अशा अर्थाचें वाक्य बहुधा असतेंच. तें दुकानांत कोणी वाचून दाखवीत नाहीं.

पिना वांकण्याचें हें दुखणें संगणकानें नव्यानें आणलेलें आहे असें मात्र नव्हे. ज्या घरांत एकेकाळीं व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस याची ओळख असेल. कांचेच्या लहान व्हॉल्व्हच्या बुडाशीं उघड्या पिना असत; त्या वांकड्या स्थितींत बैठकींत दाबल्या तर कांचेलाच तडा जाई व व्हॉल्व्ह निकामी होई. म्हणून दुरुस्ती करणारे लोक योग्य जागीं भोंकें पाडलेला धातूचा एक ठोकळा जवळ ठेवीत, आणि व्हॉल्व्ह आधीं त्यांत हलकेंच दाबून पिना सरळ करून घेत. १९३५ सालीं अमेरिकेंत आलेल्या आठ पिनांच्या व्हॉल्व्हला मध्यभागीं एक खुंटी असे व तिला एक उंचवटा असे, त्यामुळें तो उलटा बसविणें शक्यच नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं पूर्ण झालेल्या टिफ्रॅक या संगणकांत सुमारें २७०० व्हॉल्व्ह होते. त्या सर्वांचें काम जिच्यापुढें कांहींच नव्हे, अशी आजची चकती तळहाताच्या खळग्यांत मावते. पण ती आपल्या बैठकींत सरळ आणि योग्य दिशेनेंच बसली पाहिजे, हा नियम तसाच राहिला आहे. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर छापलेला लहानसा त्रिकोण आणि कडांना पाडलेल्या खांचा यांचें काम त्या उंचवट्याचेंच आहे.

सॉकेटांतील पिनेस पिन म्हणणें वस्तुतः पुरतेंसें बरोबर नाहीं. ती टोंचणारी टांचणी नसून एक चिमुकली स्प्रिंग आहे. तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी कापून, तिला वांक देऊन, टोंकाशीं सोन्याचा मुलामा दिलेला असतो. खाडीच्या दमट हवेंत गंज चढूं नये यासाठीं तो मुलामा फार उपयोगाचा आहे. एका ओळींतील पट्ट्या एकाच बाजूस कललेल्या असतात. वरून प्रोसेसर ठेवून तरफ दाबली म्हणजे प्रत्येक पट्टी थोडीशी खालीं दबते आणि आपल्या टिकलीला चिकटून राहते. तरफ दाबतांना बराच जोर लागतो व करकर असा आवाज होतो. नवखा मनुष्य त्यास भितो. पण प्रोसेसर खांचांत नीट बसलेला असेल तर तो आवाज स्वाभाविक आहे. एलजीए १७०० जातीचा प्रोसेसर ४५ मिलिमीटर लांब आणि ३७.५ मिलिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ काडेपेटीएवढा असतो. तेवढ्या जागेंत १७०० स्प्रिंगा! दोन शेजारणींमधील अंतर एक मिलिमीटरहून कमी. दाबण्याच्या दिशेनें खालींवर होण्यासाठींच त्या घडविलेल्या आहेत. पण आडवा धक्का सोसण्याची त्यांची घडणच नव्हे.

आडवा धक्का बसतो कसा? प्रोसेसर एका कोपऱ्यावरून निसटून सॉकेटांत पडतो, किंवा ठेवल्यावर तो नीट बसावा म्हणून बोटानें इकडेतिकडे सरकविला जातो. सदऱ्याची बाही अडकते. स्क्रू हातांतून सुटतो. कित्येकदां तर अपघात स्वच्छतेच्या आवडींतून होतो: उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट सॉकेटांत सांडलेली दिसली म्हणून कोणी कापडानें पुसावयास जातो, आणि कापडाचा एक धागा चारपांच पिना एकदम ओढून नेतो. कापूसही तितकाच वाईट. पनवेलच्या पावसाळ्यांत बोटांना घाम असतो व गुळगुळीत धातूची चकती घसरते. म्हणून ती कडांनींच धरावी, आणि सरळ खालीं ठेवून बोटें सोडून द्यावीं. उलट, पौषांतल्या कोरड्या हवेंत अंगावर स्थिर वीज सांचते, तेव्हां कामास बसण्यापूर्वीं जमिनीशीं जोडलेल्या धातूच्या वस्तूस हात लावून घ्यावा.

सॉकेटावर काळ्या प्लॅस्टिकचें एक झांकण असतें. इंटेलच्या बहुतेक अलीकडच्या सॉकेटांत तें वरच्या धातूच्या चौकटीला अडकविलेलें असतें, आणि उत्सुक मनुष्य तें सर्वांच्या आधीं उपटून काढतो. तसें करण्याची गरज नाहीं. चौकट उचलून प्रोसेसर ठेवावा, झांकणासकट चौकट खालीं आणावी व तरफ अडकवावी. झांकण आपोआप सुटून वर येतें. या क्रमानें पिना क्षणभरच उघड्या राहतात.

आतां पिन वांकलीच, असें समजूं या. या प्रसंगीं जें नुकसान होतें त्यांतील मोठा भाग अपघातानें होत नसून अपघातानंतरच्या घाईनें होतो. “एकदां चालू तर करून पाहूं,” हा विचार सर्वांत घातक होय. प्रोसेसरला लागणारा विजेचा दाब एक-दीड व्होल्टच्या आसपासच असतो. पण प्रवाह मोठ्या प्रोसेसरांत शंभर अँपिअरच्याही पलीकडे जातो. घरांतील इस्त्रीचा किंवा गीझरचा प्लग पंधरा-सोळा अँपिअरचा असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळेल. हा प्रवाह शेंकडों पिनांत वांटून जातो म्हणूनच त्या तो वाहूं शकतात. वांकलेली पिन शेजारणीला टेकली, आणि त्यांतली एक वीज आणणारी व दुसरी परत नेणारी असली, तर बटण दाबल्याबरोबर मदरबोर्ड, आणि कदाचित् प्रोसेसरही, कायमचा गेला. जें सुईनें दुरुस्त झालें असतें तें मग कशानेंच दुरुस्त होत नाहीं.

म्हणून पहिलें काम म्हणजे वीज पूर्ण तोडणें, प्रोसेसर उचलून बाजूला ठेवणें, आणि त्या दिवशीं घाई असेल तर सॉकेटावर झांकण घालून सारें काम दुसऱ्या सकाळवर टाकणें. सकाळचा उजेड या कामास दिव्याहून चांगला. मदरबोर्ड टेबलावर सपाट ठेवावा आणि उजेड एका बाजूनें तिरपा येऊं द्यावा. पिनांचीं टोंकें तेव्हां ताऱ्यांसारखीं चमकतात, व त्यांच्या ओळी शेतांतल्या तासांसारख्या सरळ दिसतात. ज्या जागीं चमक नाहीं, किंवा चमक ओळीबाहेर आहे, तेथें दोष आहे. बोर्ड पाव वळसा फिरवून पुनः पाहावें. एका बाजूनें सरळ भासणारी पिन दुसऱ्या बाजूनें वांकडी दिसते. मोबाइलनें छायाचित्र काढून तें मोठें करून पाहणें हीही उत्तम युक्ति आहे, आणि तें छायाचित्र पुढें पुराव्याच्याही कामीं येतें.

सरळ करण्याचीं साधनें घरांत किंवा बाजारांत सहज मिळतात. घड्याळजी डोळ्याला लावतो तसलें दहापट मोठें दाखविणारें भिंग, बारीक टोंकाचा चिमटा, आणि शिवणाची एक सुई एवढ्यावर काम होतें. हाताचें मनगट टेबलाला टेकलेलें असावें. अधांतरीं हातानें हें काम करूं नये. सुईचें टोंक वांकलेल्या पट्टीच्या खालून किंवा बाजूनें लावून, ती ज्या दिशेनें गेली त्याच्या बरोबर उलट दिशेनें, केसभर ढकलावी. थांबावें. भिंगांतून पाहावें. पुनः केसभर ढकलावी. चिमट्यानें पकडून ओढण्याचा मोह टाळावा, कारण चिमट्याच्या एका बाजूस धरावयाची पिन असते तेव्हां दुसरी बाजू शेजारच्या पिनेवर असते. एक पिन दुसरीखालीं शिरली असेल तर प्रथम तिला बाजूला घेऊन मोकळी करावी, मग वर आणावी. ती ताठ उभी करावयाची नाहीं, हें विशेष लक्षांत ठेवावें. शेजारणी जितक्या कललेल्या आहेत तितकीच तिलाही कलती ठेवून, टोंक त्यांच्या ओळींत व त्यांच्या उंचीवर आणावयाचें. सोनेरी टोंक खरडलें जाऊं नये.

हें एकदां जमतें, क्वचित् दोनदां. तिसऱ्यांदा पिन बहुधा तुटते. तांब्याची तार हातांत धरून मागेंपुढें वांकविली तर ती प्रथम कडक होते व मग तुटते, हें लहान मुलांसही ठाऊक असतें. वांकतांना धातूच्या अंतर्रचनेंत गुंता वाढत जातो व त्याचें लवचिकपण निघून जातें. सोनार ठोकून कडक झालेला दागिना पुनः तापवून मऊ करून घेतो. पण प्लॅस्टिकमध्यें रोंवलेल्या या पट्टीला तो उपाय करतां येत नाहीं. यास्तव अगदीं अचूक ओळींत आणण्याच्या हट्टानें वारंवार छेडण्यापेक्षां, टोंक आपल्या टिकलीखालीं येईल इतपत झालें म्हणजे सुई खालीं ठेवणें शहाणपणाचें असतें. सॉकेटांत थर्मल पेस्ट सांडली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोनचार थेंब टाकून, मऊ ब्रशनें पिनांच्या कलाच्या दिशेनें हलकेंच झाडून, पूर्ण वाळूं द्यावें. तोंडानें फुंकूं नये, त्याबरोबर थुंकी उडते. फोटोवाले भिंग साफ करण्यास रबरी फुगा वापरतात, तो बरा.

ज्यांच्या घरीं एएम४ जातीचें यंत्र आहे त्यांचा प्रश्न निराळा. तेथें पिना प्रोसेसरच्या पोटाला आहेत, आणि त्या वांकतात त्या बहुधा बसवितांना नव्हे, तर काढतांना. जुनी थर्मल पेस्ट सुकून डिंकासारखी घट्ट होते. वरचा पंखा उचलतांना त्याला चिकटून प्रोसेसरही, तरफ बंद असतांनाच, सॉकेटांतून उपटून येतो. यंत्र थोडा वेळ चालवून पेस्ट ऊबदार करावी, मग वीज तोडून पंखा सरळ वर न ओढतां डावीउजवीकडे हलकेंच पिळून सोडवावा, म्हणजे हें टळतें. वांकलेल्या पिनेसाठीं शिशाची कांडी काढलेल्या बारीक यांत्रिक पेन्सिलीची नळी कामास येते. ती पिनेवर टोपीसारखी चढवून सरळ करावी. संबंध ओळच कलली असेल तर जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कड दोन ओळींच्या मधून फिरवावी.

दुरुस्तीनंतर यंत्र सुरू झालें म्हणजे सर्व झालें असें नव्हे. प्रत्येक पिनेचें काम वेगळें असतें. कांहीं रॅमशीं बोलतात, कांहीं चित्रकार्डाशीं. पुष्कळशा केवळ वीज आणतात व परत नेतात. म्हणून रॅमच्या दोन पट्ट्या बसविल्या असतां एकच दिसते, किंवा एका विशिष्ट खांचेंत पट्टी घातली कीं यंत्र सुरू होत नाहीं, अशा तक्रारींचें मूळ पुष्कळदां सॉकेटांतच सांपडतें. रॅम बदलण्याआधीं तेथें भिंग लावून पाहिल्यास एक फेरी व कांहीं हजार रुपये वांचतील.

दुकानदाराशीं होणाऱ्या वादाचें मूळ हें कीं, पिन केव्हां वांकली हें पिन सांगत नाहीं. गिऱ्हाईक म्हणतें ती खोक्यांतच तशी होती. दुकानदार म्हणतो घरीं वांकविली. आणि दोघेही प्रामाणिक असूं शकतात. यावर उपाय एकच, आणि तो पैसे देण्यापूर्वींचा आहे. गल्ल्यासमोरच खोकें उघडून घ्यावें, चौकट उचलून सॉकेट दोघांनीं मिळून पाहावें, त्याचें छायाचित्र काढावें, व मग झांकण लावून बिल घ्यावें. दुकानदारास हें अपमानास्पद वाटण्याचें कारण नाहीं. सोनाराच्या पेढीवर वजन करून घेतांना कोणी रागावत नाहीं. घरपोंच मागविलेल्या मालाच्या बाबतींत खोकें उघडतांनाच चलच्चित्र काढून ठेवावें. २०२० च्या जुलैमध्यें अंमलांत आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्यांतच तक्रार नोंदवितां येते, म्हणजे पनवेलच्या रहिवाशास मुंबईच्या दुकानासाठीं मुंबईच्या जिल्हा आयोगाकडे जाण्याचें बंधन नाहीं. आणि दिलेली किंमत पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्कही नाहीं. मात्र पुराव्यावांचून कायदा काय करणार? तें काळें झांकणही फेंकूं नये. कांहीं कंपन्या झांकणावांचून परत आलेला मदरबोर्ड तपासावयासही घेत नाहींत.

पिन तुटलीच तर काय, हा शेवटचा प्रश्न. ती कोणती पिन आहे यावर उत्तर अवलंबून आहे. सॉकेटाच्या पिनांना आडव्या-उभ्या रांगांप्रमाणें अक्षरें व आंकडे दिलेले असतात, आणि कोणत्या जागेचें काम काय याचे तक्ते प्रसिद्ध झालेले असतात. तुटलेली पिन वीज परत नेणाऱ्या शेंकडोंपैकीं एक असली तर तिचा भार शेजारणी उचलतात व यंत्र बहुधा चालतें. फक्त तुटलेला तुकडा आंत राहिलेला नसावा. ती संदेशवाहक असली तर सॉकेटच बदलावें लागतें. सॉकेट बोर्डाला खालून कथलाच्या बारीक गोळ्यांनीं सांधलेलें असतें. पिना जितक्या, तितकेच सांधे. ते सर्व एकदम वितळवून नवें सॉकेट बसविण्याचीं यंत्रें मुंबईंतील दुरुस्तीवाल्यांकडे असतात, आणि कुशल कारागीर हें काम करितातही. पण नवा, स्वस्त मदरबोर्ड असेल तर मजुरी त्याच्या किंमतीच्या जवळ जाते. जुन्या जातीचा, बाजारांतून नाहींसा झालेला बोर्ड असेल तर मात्र तो खर्च करण्यासारखा ठरतो. आणि तुटलेली पिन रॅमच्या दोन मार्गांपैकीं एकाचीच असेल, तर तिसराही पर्याय उरतो: दुसऱ्या मार्गाच्या खांचेंत एकच मोठी पट्टी घालावी. वेग थोडा उणावतो. परंतु मुलाचा अभ्यास आणि घरचा हिशेब यांना तेवढा पुष्कळ होतो.